चौथी ट्यून आणि दोनदा घुर्रर्र

थांबा. चहा, आंघोळ, सगळं नंतर. हे आत्ता सांगितलं नाही तर मी फुटेन. धुळ्याच्या बसमध्ये बसून टाईप करतेय, बस उडतेय, अंगठे उडतायत, चुका झाल्या तर समजून घ्या. काल जळगावला मैत्रिणीच्या लग्नात जे झालं त्यातून मी अजून बाहेर आलेली नाही.

आधी ग्रुपचं सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव, ‘सध्या काय ऐकताय?’ त्यात आमच्या खान्देशातले वाजवणारे-गाणारे वीस-बावीस जण. जळगावचा एक ऑक्टोपॅडवाला, धुळ्यातल्या देवपूरचे तबल्याचे सर, गिटारचे क्लास घेणारा एक जण, ऑर्केस्ट्रात गाणारी एक ताई, असे. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने एक अल्बम टाकायचा. एक गाणं नाही, आख्खा अल्बम. आणि सध्या खरंच तो ऐकत असाल तरच. लोकांना वाटतं वाजवणारी माणसं दिवसभर ऐकत असतील. कुठलं काय! ऑक्टोपॅडवाला तीन महिने फक्त पावसाच्या आवाजाचा अल्बम ऐकत होता, झोप लागत नाही म्हणून. तबल्याचे सर लहान मुलांची बडबडगीतं, कारण नात दुसरं काही लावूच देत नाही. मला हे भयंकर आवडायचं. रविवारची मी वाट बघायची.

नियम एकच होता आणि तो मीच केलेला. स्वतःचं काही टाकायचं नाही. ऑर्केस्ट्रावाली ताई दर आठवड्याला स्वतःचीच भजनं टाकायला लागली म्हणून करावा लागला.

त्या ग्रुपमध्ये नानासुद्धा आहेत. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, पण दोंडाईचात त्यांना सगळेच नाना म्हणतात. नानांचा बँड आहे. लग्नाचा. लाल कोट, सोनेरी लेस, चौदा माणसं, आणि सगळ्यात पुढे क्लॅरनेट घेऊन नाना. मी बारावीपर्यंत तिथेच वाढले, आणि तालमीच्या खोलीत कॅसिओ शिकले. खोली एवढुशी. मला जागा मिळायची ती थेट ढोलाच्या मागे. ढोलवाले काका एक टोला टाकायचे आणि माझ्या छातीतलं पाणी हलायचं.

आणि नानांना ग्रुपमध्ये मी हौसेने घेतलं होतं, पण दोन वर्षांत त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. गुड मॉर्निंगचं फूलसुद्धा नाही. फक्त वाचायचे. कोणी कोणी वाचलं ते मी बघते ना, त्यात नानांचं नाव सगळ्यात आधी.

आता भांडणाचं. मागच्या दिवाळीत मी घरी गेले होते. एक अल्बम मला वेड्यासारखा आवडला होता, नुसता पियानो. मी नानांच्या कानात हेडफोन घातले. म्हटलं, डोळे मिटा आणि फक्त ऐका. दहा सेकंदं. दहाच! अकराव्या सेकंदाला नानांनी खिशातून पेन्सिल काढली, वही ओढली, आणि सारेगम लिहायला लागले. त्यांचं तसंच आहे. गाणं कानावर पडलं की ते उतरवून घ्यायचं, बँडला वाटून द्यायचं, बसवायचं. नवं गाणं आलं की आठवड्यात वरातीत वाजलं पाहिजे, नाहीतर लोक दुसरा बँड बघतात.

पण मी चिडले. असली चिडले! म्हटलं, “नाना, तुम्हाला ऐकताच येत नाही. तुमचा बँड म्हणजे झेरॉक्सचं दुकान आहे.”

चौदाच्या चौदा माणसं खोलीत होती.

नानांनी हेडफोन काढले. वायरीची नीट घडी घातली. माझ्या हातात दिले. आणि तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. मी फोन केला की काकू उचलायची आणि म्हणायची, ते तालमीला गेलेत. दिवसा, दुपारी, कधीही, ते तालमीलाच.

मला माफी मागता आली असती. नाही मागितली. का? माहीत नाही. मागायला गेलं की वाटायचं, मी काही खोटं बोलले का? आणि मग रडू यायचं, म्हणजे बहुतेक खोटंच बोलले होते.

त्या काळात मी धुळ्याला, देवपूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून एक अल्बम केला. सहा ट्यून्स. नुसता कॅसिओ, आणि खाली पांझरा नदीच्या पुलाचा आवाज, गाड्यांचा, बकऱ्यांचा. रूममेटच्या फोनवर रेकॉर्ड केलं. नाव दिलं ‘पुलाखाली’. चौथी ट्यून मी नानांवर चिडून वाजवायला बसले होते आणि वाजवता वाजवता राग कुठे गेला कळलंच नाही. नेमका त्याच वेळी माझा फोन, जो टेबलावर पडला होता, तो थरथरायला लागला. आईचा. घुर्रर्र, घुर्रर्र. मी हात उचलले, फोन कट केला, आणि जिथे सोडलं होतं तिथून अर्ध्या ओळीतच पुढे वाजवलं. परत रेकॉर्ड करायचा कंटाळा. तो तुकडा कापायचाही कंटाळा. कोण ऐकणार आहे, असं वाटलं.

अपलोड केलं. आपलं नाव लिहायची हिंमत झाली नाही, रिकामंच ठेवलं. आणि एका रविवारी, हो, माझाच नियम मोडून, मी ग्रुपवर लिंक टाकली. लिहिलं, “कोणी केलंय माहीत नाही, पण मी सध्या हेच ऐकतेय.”

कसली वाट बघितली मी! तासातासाला ग्रुप उघडत होते. ऑक्टोपॅडवाला म्हणाला, “ताई, नंतर ऐकतो,” म्हणजे कधीच नाही. तबल्याच्या सरांनी विचारलं, “लय कुठे आहे?” गिटारवाल्याने लिहिलं, “चौथ्या ट्यूनची फाईल खराब आहे, मध्येच थांबते. परत डाऊनलोड कर.” संपलं. नानांचं नाव वाचणाऱ्यांत सगळ्यात आधी होतं आणि नेहमीसारखं एक अक्षर नाही.

मी तो अल्बम नंतर उघडलाच नाही. पाच महिने झाले.

आता काल.

मैत्रीण जळगावची. धुळ्याच्या कॉलेजातली माझी मैत्रीण. नवरदेव कुठला, तर शिंदखेड्याकडचा एवढंच मला माहीत होतं. बँड ते त्यांचा आणणार हेही ऐकलं होतं. आमचं दोंडाईचा त्याच तालुक्यातलं, तरी डोक्यात काही आलं नाही, खरंच नाही, शिंदखेडा तालुक्यात काय एकच बँड आहे? मी नवरीकडची, त्यामुळे हॉलच्या गेटवर हातात ताट घेऊन उभी. कुंकू, अक्षता, पेढे, निरांजन. सकाळचे साडेअकरा, जळगावचं ऊन, माझ्या मेकअपचं जे व्हायचं ते झालेलं. मारुतीच्या देवळातून नवरदेवाला आणत होते. लांबून बँड ऐकू येत होता, नेहमीची नाचायची गाणी.

मग रस्त्याच्या वळणावर लाल कोट दिसले. पुढे क्लॅरनेट. आणि ते क्लॅरनेट धरायची पद्धत, कोपर जरा वर, डोकं जरा डावीकडे.

नाना.

मी ताट घेऊन मैत्रिणीच्या मावशीच्या मागे लपले. खरंच लपले! वर्षभर न बोललेला माणूस वाजतगाजत माझ्याच दिशेने येतोय आणि मी ताट घेऊन उभी, पळू कुठे?

तेवढ्यात गाणं बदललं. क्लॅरनेटने एक ओळ घेतली. छान होती. मला वाटलं ओळखीची आहे, कुठल्या पिक्चरमधली बरं? खाली ढोल धडाधड, खुळखुळे, पोरं रुमाल उडवतायत. दुसरी ओळ. अरे, हे मी कुठेतरी ऐकलंय. खूपदा ऐकलंय. मी आठवतेय आठवतेय, आणि एकदम

सगळं थांबलं.

चौदा माणसं. एका क्षणात. ट्रंपेट तोंडाशी तशीच, ढोलाची काठी हवेत. आणि त्या शांततेत साईड ड्रमवाल्याने एकट्याने रोल दिला. घुर्रर्र.

थांबला.

घुर्रर्र.

आणि मग अर्ध्या ओळीतून, मधूनच, सगळा बँड पुन्हा सुरू.

माझ्या अंगावर जो काटा आला तो मला आत्ताही येतोय, इथे बसमध्ये, शेजारच्या काकू बघतायत माझ्याकडे. ती माझी ट्यून होती. माझी चौथी ट्यून! तिप्पट वेगात, ढोलावर, ट्रंपेटवर. आणि तो घुर्रर्र म्हणजे टेबलावर थरथरणारा माझा फोन! आईचा फोन! ड्रमवर!

पण थांबा, अजून आहे. नाचणाऱ्यांना ते माहीत होतं! बँड थांबला तेव्हा सगळे जिथल्या तिथे गोठले. नवरदेवाचे मामा एक पाय वर घेऊन, एक मुलगा दोन्ही हात पसरून, बायका फुगडीत अर्ध्या फिरलेल्या. दुसरा घुर्रर्र झाल्यावर किंचाळून परत सुरू. शिट्ट्या! “परत! परत!” आणि बँडने परत वाजवलं. तीनदा वाजवलं. तीनदा आईने मला फोन केला, भर रस्त्यात, जळगावला, शंभर माणसांसमोर.

मी नवरदेवाच्या आत्याला विचारलं, “हे कोणतं गाणं?”

ती म्हणाली, “थांब्याचं गाणं! आमच्याकडे आता त्याच्याशिवाय वरात हालत नाही. पोरं आधीच सांगतात बँडवाल्याला. कुठल्या पिक्चरचं शे देव जाणे.” (शे म्हणजे आहे, आमची अहिराणी.)

मैत्रिणीच्या मावशीने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, कारण पेढे घरंगळत होते.

लग्न लागलं. माझं लक्षच नव्हतं. मैत्रिणीने नंतर विचारलं, अक्षता टाकल्यास का? टाकल्या असतील. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. नानांना कळलंय का की ते माझं आहे? कळलं असेल तर वाजवून चिडवतायत का मला? झेरॉक्सचं दुकान म्हणालीस ना, घे, तुझीच काढली. आणि कळलं नसेल तर? तर मग मी सांगू की नको?

बँडवाले हॉलच्या मागे लिंबाच्या सावलीत जेवायला बसले होते. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. कोट काढून फांद्यांवर टाकलेले. मी गेले.

ढोलवाल्या काकांनी आधी पाहिलं. “अरे या या, झेरॉक्सवाल्या ताई! किती कॉपी काढायच्या?”

सगळे हसले. नाना हसले नाहीत. बट्टी कुस्करत होते. वर न बघता म्हणाले, “जेवनी का?”

वर्षभरानंतरचं पहिलं वाक्य. जेवलीस का. मी नाही म्हटलं. त्यांनी बाजूला सरकून जागा केली आणि वाढणाऱ्याला खूण केली. मी बसले, पण ताटाला हात लावला नाही.

“नाना,” मी म्हटलं, “ते शेवटचं... ते थांब्याचं. ते कुठून घेतलं?”

“ग्रुपवरून. तूच टाकलं ना?”

“हो. म्हणजे, कोणी केलंय माहीत नाही.”

बघा! तिथेही खोटं! तोंडावर!

नानांनी वरणाचा घास घेतला, सावकाश खाल्ला. मग म्हणाले, “माले माहीत शे.”

“कोण?”

“पहिल्याच ओळीला कळलं. समेवर येताना केसभर मागून येते ती. उशीर नाही, चूक नाही, केसभर मागून. असं कोण येतं? ढोलामागे बसून जो शिकला तो. टोला पडला की त्याला काही ऐकू येत नाही, टोला विरला की मग त्याचा हात पडतो.” त्यांनी ढोलवाल्या काकांकडे मान वळवली. “याच्यामागे आजवर एकच पोर बसेल शे.”

एकच पोर बसलंय, आणि ते मी. मला स्वतःला हे माहीत नव्हतं! एवढी वर्षं वाजवतेय, मला माहीत नव्हतं की मी मागून येते.

“आम्ही सगळेच मागून आलो आज,” ट्रंपेटवाला म्हणाला. “नानांनी सांगितलं, जसं आहे तसं. दोन आठवडे लागले. सरळ वाजवणं सोपं असतं हो ताई.”

आणि इथे मी मूर्खपणा केला. खरं म्हणजे गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझ्या पोटात राहतं का काही?

“नाना, पण तो मधला थांबा, तो चूक आहे. मी थांबवलं नव्हतं. फोन वाजला. आईचा होता. तो घुर्रर्र म्हणजे फोन आहे टेबलावरचा.”

लिंबाखाली चौदा माणसं परत थांबली, या वेळेस खरोखर.

साईड ड्रमवाल्याने हातातली बट्टी ताटात ठेवली. “फोन? ताई, मी महिनाभर तो रोल घासला! नानांनी तीन काठ्या बदलायला लावल्या! म्हणे घुर्रर्र जाड पाहिजे, खाली लाकूड असल्यासारखा पाहिजे!”

“लाकडीच टेबल आहे,” मी म्हटलं, आणि मला वाटलं आता जमिनीत जावं.

नाना माझ्याकडे बघत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. धक्का बसलेले नाना. साठीचा माणूस, हातात वरणाचा चमचा, तोंड जरासं उघडं. मग हळूच म्हणाले, “मी म्हटलं, पोरीला थांबता यायला लागलं.”

बस्स, एवढंच.

मला कळलं की सगळं गेलं. त्यांना त्या सहा ट्यून्समध्ये जे सगळ्यात आवडलं होतं, ज्याच्यासाठी त्यांनी चौदा माणसांना इतकं दमवलं होतं, ते माझं नव्हतंच. ते आईने भाजी काय केली विचारायला केलेल्या फोनचं होतं. वर्षभराने एका जेवणापुरती मिळालेली जागा मी स्वतःच्या तोंडाने घालवली. मी ताटाकडे बघत बसले. वांग्याच्या भाजीवर टपकन पाणी पडलं.

मग एक आवाज आला. मला आधी वाटलं ठसका लागला. नाना हसत होते. खांदे हलवत, आवाज न करता, मग आवाज करत. ढोलवाले काका सुरू झाले. साईड ड्रमवाला सोडून सगळे सुरू झाले.

“तुनी मायले सांग,” नाना डोळे पुसत म्हणाले, “तिना टाइम एकदम बराबर शे.”

मी म्हटलं, “नाना, मी दिवाळीत जे बोलले...”

“घास घे.”

“नाही पण मी...”

“घास घे आधी.”

मी घेतला. तेवढ्यात त्यांनी फांदीवरच्या कोटातून वही काढली. तीच वही, दिवाळीतली. पानं उलटली. आणि ते मी पाहिलं. माझा आख्खा अल्बम. पहिली, दुसरी, तिसरी, पेन्सिलीने सारेगम, नानांच्या बारीक अक्षरात. कुठे खोडून परत लिहिलेलं, कुठे समासात ‘इथे घाई’, कुठे ‘बकरी’. बकरीसुद्धा लिहिली होती! मी म्हटलं होतं ना, तुम्हाला ऐकता येत नाही. माझ्या बकऱ्या कोणीच ऐकल्या नव्हत्या. मी स्वतः विसरले होते कोणत्या ओळीला बकरी आहे.

“वरातीत तर एकच वाजवलं तुम्ही,” मी म्हटलं.

“बाकीचं वरातीचं नाही ते. बाकीचं मी ऐकतो. लिहिल्याशिवाय मला ऐकू येत नाही, काय करू? तुम्ही डोळे मिटता, मी पेन्सिल काढतो.”

पाचवी संपली. पान उलटलं. सहावीच्या पानावर फक्त दीड ओळ, ती पण खोडलेली. खाली परत खोडलेली. खाली परत.

“हे काय?”

नानांनी वही मिटली. “सहावीनी झेरॉक्स निघत नही,” ते म्हणाले. झेरॉक्स म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा साईड ड्रमवालासुद्धा हसला. “सोमवारले ये. कॅसिओ घेऊन ये. ढोलामागेच बस.”

मी काल जळगावलाच राहिले, आज सकाळी ही बस पकडली. आज रविवार. मी ग्रुपवर कबूल करणार होते, मी नियम मोडला, तो अल्बम माझा आहे. वाक्य जुळवत होते. पारोळा गेलं आणि ग्रुपवर मेसेज आला. नानांचा! दोन वर्षांत पहिला!

“पुलाखाली. सहा ट्यून. पुतणीचं शे. मी सध्या हेच ऐकतोय.”

मी बसमध्ये ओरडले. कंडक्टरने विचारलं, काय झालं ताई, स्टॉप गेला का?

लगेच तबल्याच्या सरांचा तोच प्रश्न, “पण नाना, लय कुठे आहे?”

नाना टाईप करत होते. बराच वेळ करत होते. मग आलं, “ढोलामागे.”

आणि त्याच क्षणी, शपथेवर सांगते, माझा फोन हातात थरथरला. घुर्रर्र, घुर्रर्र. आई. मी दोन्ही घुर्रर्र पूर्ण ऐकले आणि मग उचलला.

आता तुम्ही सांगा, मला खरंच ऐकायचंय. तुमच्याबरोबर झालंय असं? ज्याला तुम्ही म्हणालात की तुला ऐकू येत नाही, त्याने तुमचं सगळं, अगदी तुमच्या बकरीसकट, लिहून ठेवलंय, असं कधी सापडलंय तुम्हाला?